तळ्याच्या बांधावरील सल्लागार

आपल्या देशातील नियोजनाच्या यशाची कथा सांगावयाची झाली की हरितक्रांती आणि दुग्धक्रांती यांची नावे प्रथम घेतली जातात. मत्स्योत्पादनातील वाढ त्या मानाने फारशी चर्चिली जात नाही. वस्तुतः टक्केवारीच्या हिशेबाने ती या दोहोंहून अधिक आहे. १९५०-५१ साली देशाचे एकूण मत्स्योत्पादन साडेसात लाख टनांच्या घरात होते. २०२२-२३ साली ते १७५ लाख टनांच्या पुढे गेले. त्यांपैकी सुमारे १३१ लाख टन मासळी समुद्रातून आलेली नाही. ती नद्या, जलाशय आणि तळी यांतून आली आहे. आणि या गोड्या पाण्यातील मासळीचा मोठा भाग कोणी जाळे टाकून निसर्गाकडून मिळविलेला नसून, शेतकऱ्याने बीज सोडून, खाद्य घालून, खंड भरून आणि कर्ज काढून पिकविलेला आहे. मासेमारी हा व्यवसाय अशा रीतीने शेतीच्या जातकुळीत येऊन बसला आहे. मात्र शेतीला जे साहाय्य मिळते, ते या नव्या शेतीला मिळते काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे. त्या साहाय्यातील सर्वांत दुर्लक्षित असा जो घटक, म्हणजे प्रत्यक्ष तळ्यावर जाऊन सल्ला देणारा माणूस, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या शेतीचा पाया एका प्रयोगाने घातला गेला. रोहू, कटला, मृगळ हे आपले प्रमुख मासे साठलेल्या पाण्यात आपोआप अंडी घालीत नाहीत. त्यासाठी त्यांना पावसाळ्यातील वाहती नदी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि मत्स्यबीजासाठी नदीवर अवलंबून राहण्याची गरज संपली. पुढे १९७१ पासून मिश्र मत्स्यसंवर्धनाचे प्रयोग देशभर सुरू झाले. पृष्ठभागावर, मधल्या थरात आणि तळाशी चरणारे सहा जातींचे मासे एकाच तळ्यात वाढविता येतात, हे त्यांतून सिद्ध झाले. १९७३-७४ पासून मत्स्यशेतकरी विकास यंत्रणा उभ्या राहू लागल्या. या साऱ्याचे सर्वांत भरघोस पीक आंध्र प्रदेशाने काढले. कृष्णा आणि गोदावरी यांच्या त्रिभुज प्रदेशांमधील कोल्लेरू सरोवराच्या परिसरात भाताची खाचरे खणून तळी करण्यात आली आणि आज तेथील बर्फात रचलेला रोहू ट्रकांतून थेट बंगाल आणि आसामपर्यंत जातो. या विस्तारापायी सरोवराचा मोठा भाग गिळला गेला आणि अखेर २००६ साली अभयारण्याच्या हद्दीतील तळी सरकारलाच फोडावी लागली, हा इतिहासही विसरता येत नाही.

बीज, खाद्य, कर्ज आणि बाजारपेठ यांची व्यवस्था झाली. सल्ल्याची व्यवस्था मात्र तोकडीच राहिली.

पाण्याखालचे पीक

सल्ल्याची गरज या शेतीत इतर कोणत्याही शेतीपेक्षा अधिक का आहे, हे प्रथम समजावून घेतले पाहिजे. ज्वारीवर कीड पडली तर ती डोळ्यांना दिसते. म्हैस आजारी पडली तर ती चारा टाकते. मासा मात्र गढूळ पाण्याखाली असतो आणि त्याचे दुखणे दिसू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

तळ्यातील प्राणवायूचे उदाहरण घ्या. दिवसा सूर्यप्रकाशात पाण्यातील सूक्ष्म हिरव्या वनस्पती प्राणवायू निर्माण करतात. रात्री त्याच वनस्पती, मासे आणि तळाच्या गाळातील जिवाणू असे सगळेच तो वापरतात. त्यामुळे विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण पहाटेच्या सुमारास नीचांकाला पोहोचते. दर लिटरमागे पाच मिलिग्रॅम असेल तर रोहू-कटला सुखाने वाढतात. तीनच्या खाली गेले की ते त्रासात पडतात, खाणे सोडतात, पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडी टाकून हवा घेऊ लागतात. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले, त्यातच खाद्य नेहमीइतकेच पडत राहिले, की एका पहाटे सारे तळे पांढरे झालेले दिसते. वर्षाची कमाई काही तासांत जाते.

अमोनियाचे तसेच आहे. न खाल्लेले खाद्य आणि माशांची विष्ठा यांतून तो तयार होतो. पाण्याचा क्षारधर्म आणि तापमान वाढले की त्याचे विषारी रूप वाढते. तो मासा तत्काळ मारीलच असे नाही. पण त्याचे कल्ले खराब करतो, वाढ खुंटवितो, अंगावर उवा आणि व्रण यांना वाव करून देतो. शेतकऱ्याला दिसतो तो फक्त व्रण. मग तो औषधाच्या दुकानात जातो.

या रोगांवरील उपाय पुष्कळदा साधे असतात. काही दिवस खाद्य कमी करणे वा थांबविणे, योग्य प्रमाणात चुना टाकणे, ताजे पाणी सोडणे, पहाटे पाणी खळबळविणारे यंत्र चालविणे, माशांची संख्या विरळ करणे. यांपैकी कोणता उपाय केव्हा योजावयाचा हे ठरविण्यासाठी मात्र पाण्याचे मोजमाप करणारे साधन लागते आणि आकड्याचा अर्थ सांगणारा माणूस लागतो. एक प्राणवायुमापक घेऊन पहाटे दुचाकीवरून तळ्यामागून तळे फिरणारा क्षेत्रीय सल्लागार हे काम करतो. आंध्रात काही स्वयंसेवी संस्थांनी असे कार्यकर्ते नेमले आहेत. त्या राज्याने २०१९ साली ग्रामसचिवालयांची रचना केली तेव्हा मत्स्य सहायकाचे पदही निर्माण केले. इतरत्र हा माणूस क्वचितच दिसतो.

सल्ला फुकट, औषध विकत

तो नसतो तेव्हा त्याची जागा रिकामी राहत नाही. ती औषधविक्रेता आणि खाद्यविक्रेता घेतो. त्याचा सल्ला फुकट असतो, तो उधारीवर माल देतो, आणि हाक मारताच येतो. त्याला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. लहान शेतकऱ्याच्या अडचणीत पुष्कळदा तोच उभा राहतो. पण त्याचे उत्पन्न विकलेल्या बाटल्यांवर आणि पोत्यांवर ठरते. ‘आठवडाभर खाद्य बंद ठेवा आणि काहीही विकत घेऊ नका’ हा सल्ला कितीही योग्य असला तरी तो त्याच्या तोंडून सहजासहजी निघणार नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज अॅकरलॉफ यांचा १९७० सालचा प्रसिद्ध निबंध ठाऊक असतो. विकणाऱ्याला मालाची खरी माहिती असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा बाजार आपोआप शहाणा होत नाही, उलट वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो, असे त्यांनी जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखविले. मत्स्यौषधांच्या बाजारात घेणाऱ्याची स्थिती याहून बिकट आहे. मोटार बिघडलेली होती हे निदान चार दिवसांनी कळते. येथे मासे वाचले ते औषधाने की बदललेल्या हवेने, हे शेतकऱ्याला कधीच कळत नाही. प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर याच अज्ञानातून होतो आणि त्याची किंमत मासळी खाणाऱ्या आपणां सर्वांना मोजावी लागण्याचा धोका संभवतो. म्हणून निःपक्षपाती सल्ला ही सार्वजनिक हिताची वस्तू आहे. ज्याला विक्रीतून कमाई नाही अशा माणसाचा पगार सार्वजनिक निधीतूनच व्हावयास हवा.

माशाचे कल्याण?

आता या चर्चेतील दुसऱ्या आणि अधिक अवघड भागाकडे वळावयास हवे. अलीकडे या सल्लागारांच्या कामाला ‘मत्स्यकल्याण’ हे नाव दिले जाते. हा शब्द ऐकून पुष्कळांच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल. ज्या देशात मत्स्यशेतकऱ्याचेच कल्याण धड साधलेले नाही, तेथे माशाच्या कल्याणाची चिंता करणे ही चैन नव्हे काय?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण प्रथम काही गोष्टी स्पष्ट व्हावयास हव्यात. माशाला वेदना होते की नाही, हा आता केवळ कल्पनेचा विषय राहिलेला नाही. २००३ साली लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल या शास्त्रज्ञांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा टिपणारे मज्जातंतू असल्याचे दाखविले. इजा झाल्यावर त्याचे वर्तन दीर्घकाळ बदलते, हेही दिसून आले. याला विरोध करणारे शास्त्रज्ञ आहेत. मानवी मेंदूत वेदनेची जाणीव ज्या बाह्यावरणाशी निगडित आहे ते माशाला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. वाद संपलेला नाही. तरीही जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने जलचरांसंबंधीच्या आपल्या संहितेत संवर्धित माशांच्या कल्याणाचा स्वतंत्र विभाग घातला आहे. आपल्याकडे तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्याच ‘मनुष्याखेरीज कोणताही सजीव’ अशी केली आहे. अन्नासाठी प्राणी मारण्यास हा कायदा मुभा देतो. मात्र अनावश्यक वेदना देऊ नये, अशी अटही घालतो. मासा या व्याख्येबाहेर नाही, हे आपण साठ वर्षांहून अधिक काळ विसरून राहिलो आहोत.

विसरण्याचे एक कारण आपल्या मोजणीच्या पद्धतीत आहे. गाईम्हशींची आपण शिरगणती करतो. माशांचे वजन करतो. १३१ लाख टन हा आकडा वाचताना डोळ्यांपुढे ढीग येतो, जीव येत नाही. प्रत्येक मासा सरासरी एक किलोचा धरला तरी ही संख्या तेराशे कोटींवर जाते. माशाची वेदना गाईच्या वेदनेच्या शतांशाइतकीच आहे असे मानले, तरी एवढ्या संख्येपुढे प्रश्न क्षुल्लक उरत नाही.

हितसंबंधांची जुळणी आणि फारकत

सुदैवाने तळ्याच्या बांधावर हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या रूपात उभा राहत नाही. सल्लागार शेतकऱ्याला करुणेचे प्रवचन देत नाही. तो प्राणवायूचा आकडा दाखवितो. गुदमरलेला मासा खात नाही, न खाणारा मासा वाढत नाही, आणि खाद्याचा खर्च तर एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक असतो. समजण्यापुरते एक गणित मांडू. एका हेक्टरच्या तळ्यात १०,००० बोटुकल्या सोडल्या, त्यांपैकी ६५ टक्के जगल्या आणि प्रत्येकी सरासरी ७०० ग्रॅम भरल्या, तर उत्पादन ४,५५० किलो होते. त्याच तळ्यात ७,००० सोडल्या, पाणी चांगले राखल्यामुळे ८५ टक्के जगल्या आणि ९०० ग्रॅम भरल्या, तर ते ५,३५५ किलो होते. बीज कमी, औषध कमी आणि मासळी अधिक. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले असले तरी गर्दी, मरतूक आणि खुरटी वाढ यांचा परस्परसंबंध खराच आहे. या मर्यादेपर्यंत माशाचे हित आणि शेतकऱ्याचे हित एकच असते.

मग शेतकरी गर्दी का करतो? तो अडाणी आहे, हे सोपे उत्तर आपल्या शहरी वर्गाला आवडते. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ सालीच बजावले होते की गरीब शेतकरी आपल्या मर्यादित साधनांचा वापर हिशेबीपणानेच करीत असतो. त्याची चूक वाटते तेथे त्याची परिस्थिती तपासावी. तळे मक्त्याने घेतलेले आहे, खंड आगाऊ भरला आहे, व्यापाऱ्याची उचल फेडावयाची आहे, मुदत संपत आली आहे. अशा माणसाला दहा हजार बोटुकल्या सोडणे म्हणजे मरतुकीविरुद्ध काढलेला विमाच वाटतो. निम्मी मेली तरी निम्मी उरेल! तळ्याचा गाळ काढणे, पाणी सुधारणे या गोष्टींचे फळ पुढच्या मक्तेदाराला मिळणार असेल तर त्या करण्याची त्याला काय गरज? केवळ उपदेशाने हे बदलणार नाही, हे सल्लागाराला कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक असते.

एका टप्प्यानंतर मात्र दोघांची हिते वेगळी होतात, आणि मत्स्यकल्याणाचे पुरस्कर्ते हे पुष्कळदा स्पष्टपणे सांगत नाहीत. हवा घालणारी यंत्रे बसविली की तेच तळे अधिक गर्दी सोसू शकते. नफा वाढतो आणि माशाचे हाल पूर्वीइतकेच राहतात किंवा वाढतात. काढणीच्या वेळी तर हा विरोध अगदी उघड होतो. ओढजाळ्याने मासे एकत्र केले जातात, टोपल्यांत भरले जातात आणि हवेत तडफडत किंवा बर्फात गाडले जाऊन मरतात. हे मरण काही क्षणांचे नसते. डोक्यावर नेमका आघात करून किंवा विजेने आधी बधिर करण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत. नॉर्वेत सामन माशासाठी बधिर करणे कायद्यानेच आवश्यक आहे. पण तेथील उद्योग मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती आहे आणि यंत्राचा खर्च त्यांना पेलतो. आपल्याकडे एका रात्रीत काही टन मासळी काढून पहाटेपूर्वी ट्रक भरावयाचा असतो. त्या मासळीला बधिर करून मारल्याबद्दल बाजारात एक पैसाही अधिक मिळत नाही. हा खर्च लहान शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. समाजाला ही सुधारणा हवी असेल तर तिची किंमत समाजाने, म्हणजे अनुदानाच्या रूपाने सरकारने आणि वाढीव दराच्या रूपाने ग्राहकाने, उचलली पाहिजे.

‘आधी माणसाचे, मग माशाचे’ या आक्षेपाचे उत्तर येथेच मिळते. कल्याणाच्या ज्या भागाचा लाभ शेतकऱ्याला होतो, त्याच्या आड येतो तो माहितीचा अभाव आणि मक्त्याची पद्धत. तो भाग आजच साधता येण्यासारखा आहे. ज्या भागाचा त्याला लाभ नाही, त्याचे ओझे त्याच्यावर टाकू नये. दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या की शेतकरी संशय घेतो आणि सल्लागारावरचा त्याचा विश्वास उडतो.

सल्लागाराचे स्थान

हा विश्वास हेच सल्लागाराचे खरे भांडवल आहे, आणि ते फार हळू जमते. खाद्य थांबवा, असे सांगून तो निघून जातो. मासे दगावले तर नुकसान शेतकऱ्याचे होते. म्हणून सल्ल्याच्या पाठीशी विम्याची जोड असावयास हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सहा हजार कोटी रुपयांच्या केंद्रीय उपयोजनेत मत्स्यशेतीच्या विमाहप्त्याला साहाय्य देण्याची तरतूद आहे. तिचा लाभ लहान तळेधारकापर्यंत पोहोचविण्याचे काम हाच सल्लागार करू शकेल.

त्याच्या कामाचे माप कसे करावयाचे, हाही नाजूक प्रश्न आहे. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा आराखडा २०,०५० कोटी रुपयांचा होता आणि २०२४-२५ पर्यंत २२० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य त्यात होते. किनाऱ्यावरील गावांसाठी ३,४७७ ‘सागरमित्र’ नेमण्याची कल्पनाही त्याच योजनेतली. टनांचे लक्ष्य वरून खाली उतरत आले की बांधावरचा कार्यकर्ता अखेर अधिक बीज सोडण्याचाच आग्रह धरू लागतो. भेटींची संख्या मोजली तर भेटींच्या नोंदी वाढतात. त्याऐवजी पहाटेच्या प्राणवायूच्या नोंदी, मरतुकीचे प्रमाण आणि औषधावरचा खर्च, ही त्याच्या कामाची मापे असावीत. आणि ज्याने पहाटे चार वाजता तळ्यावर हजर राहावे अशी आपली अपेक्षा आहे, त्याला अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ठेवून हे साधणार नाही. दर हंगामाला बदलणाऱ्या माणसावर कोणता शेतकरी आपले तळे सोपवील?

महाराष्ट्राने काय करावे?

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज, विमा या बाबतींत शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलतींची दारे त्यामुळे उघडली. परंतु कृषीचा दर्जा म्हणजे केवळ सवलती नव्हेत. गावोगावी कृषी सहायक असतो, तसा मत्स्य सहायक कोठे आहे? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. ढिवर समाजाच्या सहकारी संस्था पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर जगत आल्या आहेत. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर कोरडवाहू भागातही शेततळी झाली आणि काहींनी त्यांत मासे सोडले. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यातील पाणी मातीच्या तलावासारखे वागत नाही, हे त्यांना सांगणार कोण? मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, नागपूर आणि उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत. पदवीधर बाहेर पडत आहेत आणि तळी सल्ल्यावाचून पडली आहेत, ही विसंगती कोणत्याही अर्थशास्त्रीय सिद्धान्तात बसत नाही.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. ज्या तालुक्यांत तलावांची संख्या मोठी आहे तेथे विक्रीशी कोणताही संबंध नसलेले मत्स्य सहायक कायम स्वरूपात नेमावेत आणि त्यांच्या हाती मोजमापाची साधने द्यावीत. तलावांच्या मक्त्याची मुदत आणि अटी अशा ठेवाव्यात की पाणी सुधारणाऱ्या संस्थेलाच त्याचे फळ मिळेल. आणि काढणीच्या व बधिर करण्याच्या सुलभ पद्धतींवर आपल्या महाविद्यालयांनी लहान तळ्यांच्या दृष्टीने संशोधन करावे. त्यांचा पहिला खर्च शासनाने सोसावा.

यांपैकी पहिल्या गोष्टीला लागणारा पैसा मोठ्या योजनांच्या मानाने अत्यल्प आहे. तिच्यात कोनशिला बसविण्याजोगे काही नाही, उद्घाटनाची फीतही नाही. कदाचित म्हणूनच ती मागे पडत असावी. मालगुजारी तलावांतील मासळीवर ज्यांचे घर चालते त्या ढिवर कुटुंबांना मात्र येत्या पावसाळ्यात आभाळ भरून येईल तेव्हा या माणसाची गरज लागणार आहे, आणि त्या तळ्यांतील माशांनाही.